पूजेआधी लिहिलेलं पान

विजयेंद्रबद्दल लिहायचं तर त्याच्या इंग्रजीबद्दल लिहावं लागतं, आणि त्याच्या इंग्रजीबद्दल लिहायचं तर माझ्या लाल पेनाबद्दल. म्हणून वर्षभर टाळलं. उमाकांत म्हणतो, तुला दुसऱ्याच्या चुका काढायला आवडतं, स्वतःची निघाली की डोकं दुखायला लागतं. नवरा असला तरी कधीकधी खरं बोलतो.

मी विद्युलता, मूळची मिरजेची. उमाकांतला इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून बत्तीस वर्षांपूर्वी चेन्नईत आले. एका शाळेत इंग्रजी शिकवलं आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शाळेत माझा दरारा होता. मुलं पहिल्या बाकावर बसायला घाबरायची, कारण वही तपासताना मी पुटपुटते आणि ते पुटपुटणं कौतुकाचं नसतं. निवृत्तीनंतर अड्यार भागातल्या आमच्या घरी एकही चुकीचं वाक्य भेटेना, तेव्हा मी वर्तमानपत्रातल्या चुकांखाली रेघा मारायला लागले. अशा वेळी विजयेंद्र आला.

आमच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. त्याची बायको श्रीरंजनी नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडते, तो गोलू बघायला मी गेले होते. फोनवर बहिणीशी मराठीत बोलत होते तर ती बाई थबकलीच. ''तुम्ही मराटी कां?'' तंजावरकडची माणसं. तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून तिकडे गेलेली, घरात अजून मराठी बोलणारी, पण ती अशी की ऐकताना वाटतं एखादी जुनी बखर तमिळ सुरात वाचली जातेय. मला हसू आलं होतं. तिनं ते पाहिलं आणि तरी वाटीभर सुंडल, नवरात्रातली हरभऱ्याची उसळ, हातात दिलं. दोन दिवसांनी ती नवऱ्याला घेऊन आमच्या दारात उभी.

विजयेंद्र तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होता. उंच, खांदे किंचित पुढे आलेले, कपाळावर अंगाऱ्याची बारीक रेघ. इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथे प्रेस खात्यात तो बावीस वर्षं होता. प्रेस म्हणजे लोखंडी पत्रा दाबून त्याला आकार देणारं अवाढव्य यंत्र. आवाजावरून कुठल्या प्रेसला तेल हवंय हे तो सांगायचा, म्हणे. त्याला नुकतंच शिफ्टचं इन्चार्ज केलं होतं, पण एक वर्षाच्या बोलीवर. पाळी संपताना पुढच्या पाळीसाठी रजिस्टरमध्ये एक पान लिहायचं: काय काय तपासलं, काय झालं, काय राहिलं. आधी सगळे तमिळमध्ये लिहायचे. आता परदेशी गिऱ्हाइकांची माणसं तपासणीला येतात, म्हणून इंग्रजीतच लिहायचं असा हुकूम निघाला. वर्षभरात जमलं तर इन्चार्ज, नाहीतर परत यंत्रावर.

''मिस,'' तो म्हणाला. इथे बाई म्हटली की मिस, मग ती साठीची का असेना. ''मज बोलणें थोडें येतें. लिवणें येत नाहीं. म्यानेजर लाल गोल करतो, सगळ्यांस दिसतें.''

लाल गोल म्हटल्यावर मला त्या मॅनेजरबद्दल आपुलकी वाटली, हे मी कबूल करते.

पहिली पाळी दुपारी दोनला संपायची. कंपनीची बस चारच्या सुमारास अड्यारला सोडायची. पाचला तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसलेला असायचा. दोनशे पानी वही, वर शाळकरी अक्षरात नाव. मी पाहिलं, त्याला सगळी भाषा नकोच आहे. त्याला रजिस्टरचं एक पान हवंय, आणि ते पान ज्या काळात लिहितात तो एकच काळ हवाय. 'आय हॅव चेक्ड', 'आय हॅव क्लीन्ड', 'वी हॅव चेंज्ड'. म्हणजे काम झालं आहे आणि झालेलं ते आत्ताही तसंच आहे. त्याचं गाडं इथेच अडत होतं. आधी तो 'आय चेक' लिहायचा, मग मी रागावले की 'आय हॅव चेक', मग आणखी रागावले की 'आय हॅव चेकिंग'.

शेवटी मी देवघरातल्या दिव्याकडे बोट केलं. ''मी दिवा लावला आहे असं मी म्हटलं, तर तू मान वळवून बघितल्यावर तुला काय दिसलं पाहिजे?''

''दिवा पेटलेला.''

''आणि विझलेला असला तर?''

''तर तुम्ही लबाड.''

''बस्स. एवढंच शिकायचंय.''

तो इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी त्यानं घरातल्या सगळ्या गोष्टींची वाक्यं करून आणली. बायकोनं कॉफी केली आहे. मुलीनं, रम्यानं, केस विंचरले आहेत. शेजाऱ्यानं गाडी दारात लावली आहे. चाळीस वाक्यं, त्यातली एकतीस बरोबर. शिकवायला बसल्यावर असा विद्यार्थी नशिबानं मिळतो. मी उमाकांतला दहादा सांगितलं, पंधरा वर्षांची मुलं याच्या पासंगाला पुरणार नाहीत.

पण कारखान्यात बसून लिहायची वेळ आली की तो गडबडायचा. पाळी सुटायची घाई, दुसऱ्या पाळीची माणसं डोक्यावर उभी, कुणीतरी हसतंय. चुका व्हायच्याच. तो त्या आठवून आठवून मला संध्याकाळी सांगायचा, मी त्या दुरुस्त करायची, पण लाल गोल तर पडलेला असायचा. असा महिना गेला. एका संध्याकाळी माझा धीर सुटला.

''अरे, रोज तीच चार यंत्रं, तीच कामं. मग आदल्या दिवशीच पान लिहून का नाही ठेवत? मी तपासून देते. कारखान्यात फक्त उतरवून काढ.''

त्यानं वही जवळ ओढली. मग म्हणाला, ''काम करण्याअगोदर केलों म्हणून लिवणें कसें, मिस?''

हा प्रश्न त्यानं विचारला होता. कारखान्यातल्या साध्या माणसानं, इंग्रजी न येणाऱ्यानं, मला विचारला होता. आणि मी काय केलं, तर हसले. ''अरे बाबा, हा सराव आहे. काम झाल्यावर उतरव, म्हणजे खरं झालं.''

''सेरी, मिस,'' तो म्हणाला. बरं.

तेव्हापासून लाल गोल बंद झाले. मॅनेजरनं पाठ थोपटली. त्याचं अक्षरही सुधारलं. पुढे कळलं की तो पान पाळीच्या शेवटी नाही, सकाळच्या चहाच्या सुट्टीत उतरवतो, कारण तेव्हा शांतता असते आणि डोक्यावर कुणी उभं नसतं. कामं मात्र तो पानाबरहुकूम नंतर चोख करायचा. त्यानं हे मला सांगितलं होतं. मी म्हटलं, ''अक्षर छान आलंय.''

मग ऑक्टोबर आला. आपल्याकडे खंडेनवमी, इथे आयुधपूजा. चेन्नईत त्या दिवशी रिक्षापासून रुग्णालयातल्या यंत्रापर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू लागतं. कारखान्यात यंत्रं धुऊन पुसून, केळीचे खुंट बांधून, हार घालून पूजा करतात. आणि त्याच दिवशी सरस्वतीपूजा. वह्या, पुस्तकं, पेनं देवापुढे मांडायची, आणि विजयादशमीला सकाळी ती उचलेपर्यंत कुणी एक अक्षर लिहायचं-वाचायचं नाही. विजयेंद्रच्या घरी हा नेम कडक.

अष्टमीच्या संध्याकाळी तो चिंतेत होता. एरवी कारखाना विजयादशमीला बंद असतो, पण त्या वर्षी मागणी तुंबली होती म्हणून सकाळपासून चालू ठेवायचा ठरला होता. ''मिस, उद्या पूजेनंतर लिवणें नाहीं. मग दशमीचें पान?''

''आजच लिही,'' मी म्हटलं.

आम्ही लिहिलं. माझ्या लाल पेनाला त्यात एकही चूक सापडली नाही, पहिल्यांदाच. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, रजिस्टरही पूजेत ठेवणार आहेत. उद्या पूजेआधीच हे पान त्यात उतरवलं तर चालेल कां? पूजेनंतरचं पहिलं पान सरस्वतीसमोर बिनचूक जाईल.

मला ते फार गोड वाटलं. मी पानाखाली भली मोठी बरोबरची खूण केली, सही केली, तारीखही टाकली. ''जरूर ठेव,'' म्हटलं.

आता कारखान्यात काय झालं ते सांगते. मला ते त्यानंच सांगितलं, एकदाच, आणि मी ते विसरू शकलेले नाही.

प्रत्येक प्रेसला पुढे जाळीचं दार असतं. दार उघडलं की एक स्विच सुटतो आणि प्रेस जागच्या जागी थांबतो, मग आत हात घातला तरी भय नाही. पूजेच्या दिवशी चार नंबरच्या प्रेसचं दार धुवायला काढलं होतं. पूजा झाल्यावर यंत्र एकदा चालवून दाखवायची रीत आहे. दार नाही, तर प्रेस चालेना. तेव्हा कुणीतरी हाराच्या दोऱ्यानंच तो स्विच दाबून बांधला. प्रेस एकदा खाली आला, टाळ्या झाल्या, कापूर जळला, चुरमुरे वाटले. संध्याकाळी दार परत बसवलं. दोरा तसाच राहिला, आतल्या बाजूला, फुलांच्या पाकळ्यांखाली. कुणी बांधला ते अजून कळलेलं नाही. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

दशमीला विजयेंद्र पहिल्या पाळीला गेला. रजिस्टर उचललं, कुंकवाचं बोट लागलेलं ते पान डोळ्यांना लावलं. मग दारं तपासायला निघाला. दार उघडायचं, बटण दाबायचं, प्रेस हलला नाही की पुढे जायचं. एका यंत्राला एक मिनिट. एक झालं, दोन झालं, तीन झालं. तेवढ्यात पूजेच्या मिठाईचे खोके आले म्हणून कुणीतरी हाक मारली. सगळ्यांना खोके वाटून तो परत आला आणि कुठवर आलो होतो ते त्याला आठवेना.

''मग वहींत पाहिलों, मिस,'' तो मला म्हणाला. ''चारी लिवलेलें होतें.''

दुपारी वेंकट दुसऱ्या पाळीला आला. चार नंबर त्याचा. विजयेंद्रबरोबरच कामाला लागलेला, विजयेंद्रला अण्णा म्हणणारा. रजिस्टर वाचून खाली सही करायची असते, ती त्यानं केली. तीनच्या सुमारास एक पत्रा आत अडकला. त्यानं दार उघडलं, प्रेस मेला आहे असं समजून उजवा हात आत घातला. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली.

विजयेंद्र माझ्याकडे आला तो तिसऱ्या दिवशी. शर्टाला इस्त्री नव्हती. मॅनेजरनं लेखी जबाब मागितला होता, इंग्रजीत. मॅनेजरचं मत ठरलेलंच होतं: पहिल्या पाळीत चारही दारं तपासल्याची नोंद आहे, म्हणजे तेव्हा सगळं ठीक होतं, नंतर वेंकटनंच कामाचा वेग वाढवायला स्विच बांधला असणार. असं लोक करतात. दोरा हाराचा होता, पण हार सगळीकडेच लोंबत होते.

''मिस, पान अगोदर लिवलेलें होतें म्हणून इंग्लीशांत कसें सांगणें?''

मी त्याची वही पुढे ओढली. अष्टमीचं पान उघडलं. त्याच्या अक्षराखाली माझी खूण, माझी सही, माझी तारीख. पूजेच्या आदल्या दिवसाची.

वही मिटली आणि म्हणाले, ''हे सांगायची गरज नाही. रजिस्टरमध्ये आहे तेच सांग. वर्ष संपत आलंय. रम्या बारावीला आहे. वेंकटची बोटं काही परत येणार नाहीत.''

हे सगळं मी त्याच्यासाठी बोलले असं तेव्हा मला वाटलं. खोटं आहे ते. मला माझी सही दिसत होती. अठ्ठावीस वर्षं मी कुणाच्या वहीत खोटी खूण केली नव्हती, असा माझा टेंभा होता.

त्यानं मिटलेल्या वहीवरून एकदा हात फिरवला. मग नेहमीसारखं म्हणाला, ''सेरी, मिस.''

आठ दिवस त्यानं माझं ऐकलं. त्या आठ दिवसांत कारखान्यात सगळीकडे झालं की वेंकटचीच चूक. मी रोज पाचला दाराकडे बघायची. तो आला नाही. उमाकांतनं विचारलं तर मी सांगितलं, सणाची गडबड असेल.

नवव्या दिवशी आला. बसला नाही. खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. जबाबाची प्रत होती. लाल गोल बंद झाल्यापासून त्यानं मला न दाखवता लिहिलेलं पहिलं इंग्रजी.

'आय नॉट चेक फोर्थ मशीन. आय राइट बिफोर पूजा. माय ओन आयडिया. वेंकट नो मिस्टेक. मिस्टेक इज मी.'

सांगायला लाज वाटते, पण माझा हात पेनाकडे गेला. सवयीनं. त्यानं ते पाहिलं.

''बरोबर करूं नका, मिस. देऊन झालें.''

मी विचारलं, काय झालं. तो आदल्या दिवशी वेंकटला भेटायला रुग्णालयात गेला होता. वेंकटनं बँडेज बांधलेला हात उशीवर ठेवला होता. तो विजयेंद्रला तमिळमध्ये म्हणाला, अण्णा, मीच दोरा बांधला असेन, मला आठवत नाही. तुमच्या वहीत तपासलेलं होतं ना, म्हणजे मीच. माफ करा, तुमच्या नावाला बट्टा लागला असता.

''त्यानें मज माफी मागितली,'' विजयेंद्र म्हणाला. आवाज न चढवता, माझ्याकडे न बघता. ''तो पानास मानतो, मिस. मी लिवलेल्या पानास.''

मला 'माय ओन आयडिया' या तीन शब्दांवर बोट ठेवून विचारायचं होतं, हे का लिहिलंस? ती कल्पना तुझी नव्हती. मी विचारलं नाही. तो जायला निघाला, तेव्हा गेल्या वेळी इथेच राहिलेली वही न्यायला विसरला की मुद्दाम ठेवून गेला, कळलं नाही. अजून माझ्याकडेच आहे.

इन्चार्जपद गेलं. नोकरीवर ठेवलं, हीच मेहेरबानी म्हणाले. तो परत यंत्रावर गेला, पहिल्यासारखा, फक्त आता त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस त्याला कामं सांगतो. रजिस्टर आता छापील आहे, त्यात चौकोनात खुणा करायच्या असतात. एकही वाक्य लिहावं लागत नाही. श्रीरंजनी बाजारात भेटली की बोलते, पूर्वीसारखीच. तो दिसला की हात जोडतो. शिकायला मात्र आला नाही. मीही बोलावलं नाही. मन खायचं ते खातच होतं. त्याच्याकडे जाऊन दोन शब्द बोलायला मागची गल्ली काही लांब नव्हती.

यंदा विजयादशमीला सकाळी दारावरची घंटा वाजली. विजयेंद्र उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. मागे एक बुटका, दणकट माणूस, उजवा हात खिशात.

''मिस, हा वेंकट.''

वेंकट आता कारखान्याच्या गोदामात आहे. माल दिला की चिठ्ठी लिहायची असते. उजव्या हातात पेन ठरत नाही, डावा वळत नाही. इथे विजयादशमीला लहान मुलांना ताटातल्या तांदळात पहिलं अक्षर गिरवायला लावतात. विजयेंद्रच्या मनात आलं होतं की वेंकटच्या डाव्या हातानं आज सुरुवात करावी, आणि ती शिकवणाऱ्या माणसाच्या हातून व्हावी.

मी ताट आणलं, तांदूळ पसरले. थोडे तांदूळ जमिनीवर सांडले. वेंकट मांडी घालून बसला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पाटावर बसलेल्या मुलासारखा, थोडा लाजत. मी त्याच्या मागे गुडघ्यांवर बसले, त्याचा डावा हात धरला. जड, खरखरीत हात होता. दुसरा त्यानं खिशातून काढून मांडीवर ठेवला होता. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं.

आम्ही तमिळ 'अ' काढला. वेडावाकडा आला. पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी त्यानं एकट्यानं काढला. मग तो वळून, डाव्या हातानं माझ्या पायांना हात लावत म्हणाला, ''अण्णा सांगतात, त्यांना खरं लिहायला तुम्हीच शिकवलंत.''

मी विजयेंद्रकडे पाहिलं. तो खाली सांडलेले तांदूळ एकेक वेचून ताटात टाकत होता. त्यानं मान वर केली नाही.

तेव्हा बोलायला हवं होतं. मला तमिळ उत्तम येतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हटलं, ''उद्यापासून पाचला या,'' आणि आत जाऊन कॉफी टाकली.

वेंकट आता रोज पाचला येतो. विजयेंद्र ज्या खुर्चीत बसायचा त्याच खुर्चीत बसतो. अक्षर सुधारतंय. मी रोज ठरवते की आज सांगायचं, आणि रोज त्याच्या पानाखाली खूण करून त्याला घरी पाठवते. शेवटी हे सगळं लिहून काढलं, मराठीत. वेंकटला मराठी वाचता येत नाही.